लॉन मोअरची केबल निवडताना

न्यू जर्सीत मे महिन्यात गवत आटोक्यात राहत नाही. आमच्या अंगणात टॉल फेस्क्यू आणि केंटकी ब्लूग्रासचं मिश्रण आहे. दोन्ही थंड हवेतल्या जाती. ऐन उन्हाळ्यात मरगळतात आणि वसंतात झपाट्याने वाढतात. एका कापणीत गवताच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापू नये, असं इथे सगळेच सांगतात आणि ते खरं आहे. एकदम खरडलं तर मुळं कमजोर होतात. म्हणजे एक आठवडा हुकला की पुढच्या आठवड्याचं काम दुप्पट. नेमक्या याच दिवसांत आमचा मागे चालत ढकलायचा लॉन मोअर अडायला लागला.

सुरू करायची दोरी ओढताना जड लागायची. कधी सुरू व्हायचा, पण उंचसखल जागेवरून गेला की फुरफुरून बंद पडायचा. ओळखीच्यांनी एकच निदान केलं: पेट्रोल जुनं झालंय, कार्बुरेटर साफ कर. सल्ला वावगा नव्हता. इथल्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं, हिवाळाभर टाकीत पडून राहिलं की ते ओल धरतं आणि कार्बुरेटरची बारीक भोकं तुंबतात. पण मला एक वेगळी गोष्ट दिसत होती. हँडलजवळची आडवी कांब दोन्ही हातांनी पार आवळून धरली की इंजिन खणखणीत चालायचं आणि पकड किंचित सैल झाली की अडखळायचं. जुन्या पेट्रोलचा हाताच्या पकडीशी संबंध नसतो. संबंध असला तर तो त्या कांबेपासून इंजिनाकडे जाणाऱ्या केबलचा.

ही कांब म्हणजे काय, हे आधी सांगते, कारण केबल निवडताना पुढे सगळं त्यावरच येऊन ठेपतं. बहुतेक ढकलायच्या मोअरमध्ये पातं थेट इंजिनाच्या शाफ्टला बोल्टने कसलेलं असतं. इंजिन फिरलं की पातं फिरतं, इंजिन थांबलं की पातं थांबतं. २१ इंची पातं मिनिटाला ३१०० फेऱ्या मारत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. अमेरिकेत १९८२ पासून असा नियम आहे, की चालणाऱ्याने हँडलवरची पकड सोडल्यापासून ३ सेकंदांच्या आत पातं पूर्ण थांबलं पाहिजे. त्यासाठी इंजिनाच्या फ्लायव्हीलशेजारी, म्हणजे शाफ्टबरोबर फिरणाऱ्या जड चाकाशेजारी, एक ब्रेक पॅड असतो. स्प्रिंग त्याला सतत फ्लायव्हीलवर दाबून ठेवते. आपण कांब ओढतो तेव्हा केबल त्या स्प्रिंगच्या विरुद्ध ओढ घेऊन ब्रेक उचलून धरते आणि त्याच लिव्हरवरचा एक संपर्क तुटून स्पार्क मोकळा होतो. कांब सोडली की स्प्रिंग आपलं काम करते: ब्रेक लागतो आणि स्पार्क बंद होतो.

म्हणजे ब्रेक लावण्याचं काम केबल करत नाही, स्प्रिंग करते. केबल फक्त ब्रेक दूर धरून ठेवते. केबल तुटली तर मशीन थांबतं, आणि ही रचना मुद्दाम तशी केलेली आहे. पण केबल चुकीच्या लांबीची असेल तर दोन गोष्टी होऊ शकतात. ढिली असेल तर ब्रेक पुरता उचलला जात नाही, पॅड घासत राहतो आणि स्पार्क येतो-जातो. आमच्याकडे तेच चाललं होतं. उलट केबल आखूड असेल, तर कांब सोडल्यावरही ती ब्रेकला थोडं उचलून धरते आणि पातं फिरतच राहतं. पहिल्या प्रकारात चिडचिड होते. दुसऱ्यात बोटं जातात.

शेजारच्या एका सद्गृहस्थांनी मला अगदी मनापासून उपाय सांगितला: कांब हँडलला पट्टीने बांधून टाक, पक्की आवळलेली राहील. त्यांचं स्वतःचं मशीन तसंच चालतं. मी त्यांना नाही म्हणाले, आणि का नाही तेही सांगितलं. मशीन चालू ठेवून गवताचा गोळा काढायला डेकखाली, म्हणजे पात्यावरच्या झाकणाखाली, हात घालणारी माणसं असतात. त्यांच्याच हातांसाठी तो नियम लिहिलेला आहे.

त्या सुमारास बाबा सांगलीहून आलेले होते. आयुष्यभर एसटीच्या वर्कशॉपमध्ये काम केलेला माणूस. इथे येऊन नुसतं बसायचं म्हणजे त्यांना शिक्षाच. मी केबलचं नाव काढल्यावर ते चप्पल घालून थेट गॅरेजात आले.

"आधी स्पार्क प्लगची वायर काढ," ते म्हणाले. "मग दुसरं काय ते."

प्लगचं रबरी टोपण ओढून काढलं आणि प्लगला पुन्हा टेकणार नाही असं बाजूला बांधून ठेवलं. मोअरवर हात घालण्याआधीची ही पहिली पायरी, केबलचं काम असो की पात्याला धार लावायची असो.

"आता केबल इंजिनापासून सोडव. लिव्हर हाताने ओढून बघ. ती गुळगुळीत चालली आणि सोडल्यावर खटकन मागे आली तर इंजिनाचा दोष नाही. वायर नवी आणायच्या आधी हे बघायचं."

लिव्हर नीट चालत होती, स्प्रिंग जिवंत होती. पॅडवर जाडी शिल्लक होती. मग हँडलकडचं टोक बघितलं आणि तिथे कारण सापडलं. केबलच्या बाहेरच्या नळीला, म्हणजे गॅरेजवाले ज्याला आउटर म्हणतात त्याला, दोन्ही टोकांना प्लास्टिकची टोपी असते. ती ब्रॅकेटच्या भोकात खटकन बसते आणि आउटरचं टोक जागेवर अडवते. वरच्या टोकाची टोपी तडकली होती. कांब ओढली की आतली वायर, म्हणजे इनर, ताणली जाण्याऐवजी आउटरच टोपीतून पुढे सरकत होता. हँडल घडी घालून ठेवायची सोय आहे. वर्षानुवर्षं तिथेच वाकून-वाकून ती टोपी गेली. तिथून पाणीही आत शिरलं होतं आणि इनरच्या तारांवर गंज दिसत होता. टोपी चिकटवून भागलं नसतं. केबल बदलायचीच होती.

मला वाटलं होतं, मॉडेलचं नाव टाकलं की हवी ती केबल समोर येईल. तसं होत नाही.

पहिली अडचण नावाची. हँडलवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं ते विकण्याचं नाव. पार्ट शोधायला मॉडेल नंबर लागतो आणि तो बहुतेक मशीनवर डेकच्या मागच्या बाजूला, गवत उडू नये म्हणून लावलेल्या फडक्याजवळ, एका छोट्या पट्टीवर असतो. आमच्या पट्टीवर चिखल वाळून घट्ट बसला होता. ओल्या कापडाने हळूच पुसून, फोनचा टॉर्च तिरपा धरून फोटो काढला, तेव्हा आकडे वाचता आले. खरवडून काढायच्या भानगडीत पडू नये. छापील आकडे चिखलाबरोबर निघून जातात.

दुसरा गोंधळ इंजिनाच्या नंबरचा. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या इंजिनावर मॉडेल, टाइप आणि कोड असे आकड्यांचे तीन गट ठोकलेले असतात. कोडच्या सुरुवातीच्या आकड्यांतून इंजिन कधी बनलं तेही कळतं. फिल्टर, प्लग, कार्बुरेटर घ्यायचा असेल तर हेच आकडे लागतात. पण कंट्रोल केबल इंजिन बनवणाऱ्याची नसते, मोअर बनवणाऱ्याची असते. एकच इंजिन निरनिराळ्या उंचीच्या हँडलांच्या मशीनवर बसतं आणि प्रत्येकाची केबल वेगळी. इंजिनाच्या नंबरावरून केबल शोधत बसलेल्या माणसाचा अख्खा दिवस वाया जातो.

आणखी एक माहिती इथल्या सेकंडहँड मशीनवाल्यांच्या उपयोगाची. सिअर्सच्या जुन्या क्राफ्ट्समन मोअरवर मॉडेल नंबरचे पहिले तीन आकडे बनवणारा कोण ते सांगतात: २४७ असेल तर एमटीडी, ९१७ असेल तर पुढे हस्क्वार्नाकडे गेलेला कारखाना. एमटीडीच्या पार्टमध्ये ७४६ ने सुरू होणारे जुने केबल नंबर पुढे ९४६ ने सुरू होऊ लागले. जुन्या पुस्तिकेतला नंबर टाकून काही मिळालं नाही तर पार्ट बंद झाला असं समजू नये, आधी नवा नंबर शोधावा.

तिसरी गोष्ट मॉडेल नंबराच्या शेवटच्या अक्षरांची, आणि लोक नेमकी तीच गाळतात. होंडाचं एचआरएक्स २१७ घ्या. त्यात व्हीकेए आणि व्हीवायए अशी दोन रूपं. फरक मधल्या एका अक्षराचा. पण व्हीवायएमध्ये इंजिन चालू ठेवून फक्त पातं थांबवायची सोय आहे, व्हीकेएमध्ये ती नाही. वरवर सारख्या दिसणाऱ्या या दोन मशीनमध्ये हँडलपासून निघणारी केबल वेगळ्याच गोष्टीला जोडलेली आहे. मॉडेल नंबर लिहून घ्यायचा तर शेवटच्या अक्षरापर्यंत, आणि सोबत सिरियल नंबरही, कारण एकाच मॉडेलमध्ये मधल्या काळात पार्ट बदललेले असतात.

आमच्या मॉडेलचा पार्ट्स डायग्राम मिळाला. त्यात हँडलच्या चित्रात दोन केबली होत्या: एक ब्रेकची, एक मागच्या चाकांना ओढ देणाऱ्या ड्राइव्हची. चित्रात दोन्ही सारख्याच दिसतात. कोणती कुठे जाते ते खालच्या टोकावरून ओळखायचं: ब्रेकची केबल इंजिनाकडे जाते, ड्राइव्हची डेकच्या मागे गिअरबॉक्सकडे. नंबर मिळाला. तो जुना होता, त्याला बदली नंबर होता, आणि त्या बदली नंबरला "चालतील अशा" बऱ्याच नकला विक्रीला होत्या. किमतीत दुपटीचा फरक. फोटोंमध्ये सगळ्या एकसारख्या: काळी नळी, दोन्ही बाजूंना वाकवलेलं टोक.

मी लॅपटॉपवर या नकला बघत बसले होते. बाबा मागून म्हणाले, "लांबी किती लिहिलीय?"

"एकोणसाठ, साडेएकोणसाठ इंच. आपली जुनी तेवढीच भरते."

"ती इनरची असणार. आउटर किती?"

ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, किंवा खाली बारीक अक्षरांत होतं.

"अगं, इनर किती लांब याला एकट्याने अर्थ नाही. चेतकच्या गिअरला दोन वायरी असायच्या, आठवतं? वायर बदलली तरी आउटर तोच ठेवायचो. आउटर एक पेर कमी-जास्त झाला की गिअर पडायचा नाही. आउटरच्या बाहेर इनर किती येते, ते मोज."

मी चेतकवर मागे बसून शाळेत गेलेली मुलगी. हँडलवरचा गिअर वळवताना बाबांची मूठ कशी फिरायची ते लख्ख आठवतं. पण त्या मुठीमागची ही भूमिती मला तोवर कुणी सांगितली नव्हती. ब्रिटनमध्ये १८९६ साली अर्नेस्ट बाउडन यांनी या केबलचं पेटंट घेतलं, म्हणून तिला बाउडन केबल म्हणतात. सायकलचा ब्रेक, स्कूटरचा क्लच, मोअरची कांब, सगळ्यांचं तत्त्व तेच. आउटर दोन्ही टोकांना अडवलेला असतो, त्यामुळे तो दाब घेतो. इनर त्यातून सरकत ओढ घेते. आउटर वाटेत कितीही वळला तरी त्याची लांबी बदलत नाही, म्हणून ओढ शेवटपर्यंत पोचते. आणि म्हणूनच दोन्ही टोकांना मिळून उघडी दिसणारी वायर म्हणजे इनर उणे आउटर. ही वजाबाकी मशीनवरच्या अंतराशी जुळली पाहिजे. बाकी मापं पोचण्यापुरती.

इथल्या याद्यांमध्ये मापं इंचात असतात. मी सगळी मिलिमीटरमध्ये बदलून घेतली. बारीक फरक तिथे लगेच दिसतो.

जुनी केबल काढून जमिनीवर सरळ ठेवली. इनर वाकवलेल्या टोकापासून वाकवलेल्या टोकापर्यंत १५११ मिमी. आउटर मात्र नुसत्या नळीच्या टोकापासून मोजायचा नाही. टोपीची जी कड ब्रॅकेटला टेकते तिथपासून तिथपर्यंत मोजायचा. तो भरला १३६८. वजाबाकी १४३. पण टोपी तडकून आउटर आत सरकलेला होता, म्हणजे हे माप बिघडलेल्या केबलचं. त्यावर विसंबून नवी घेतली असती तर बिघाडच विकत आणला असता. म्हणून मशीनवरच मोजलं. कांब मोकळी सोडलेली, ब्रेक लागलेला, अशा स्थितीत वर ब्रॅकेटपासून कांबेच्या भोकापर्यंत आणि खाली ब्रॅकेटपासून ब्रेकच्या लिव्हरच्या भोकापर्यंत. दोन्ही मिळून १३० मिमी. पट्टीने सरळ रेषेत मोजायचं, वायर ज्या दिशेने ओढली जाते त्या दिशेत.

त्यानंतर कांबेचं भोक किती सरकतं ते बघितलं: सुमारे ४५ मिमी. ब्रेकची लिव्हर पुरती उचलायला लागतात सुमारे ३०. म्हणजे ढिलाईला जागा फक्त १५ मिमीची. जुन्या केबलची ढिलाई १४३ उणे १३०, म्हणजे १३. आता कळलं, कांब अगदी पार आवळली तरच इंजिन का चालत होतं. काठावर होतं ते.

हे आकडे कागदावर लिहून झाल्यावर सगळं सोपं झालं. एका नकलेची इनर बरोबर १५११ होती, पण आउटर १३४०. वजाबाकी १७१, ढिलाई ४१. कांबेची जवळजवळ सगळी ओढ ढिलाई भरण्यातच गेली असती आणि ब्रेक जागचा हलला नसता. दुसऱ्या एकीचा आउटर १३७८ होता आणि इनर १४८६. वजाबाकी १०८. मशीनला १३० हवेत. ही केबल जोर लावून बसवली असती तर कांब सोडलेली असतानाही ब्रेक २२ मिमी उचललेला राहिला असता. इंजिन मात्र पहिल्याच ओढीला छान सुरू झालं असतं आणि बसवणारा खूश झाला असता. या दुसऱ्या केबलखाली लिहिलेलं होतं, की बहुतेक मॉडेलना चालते. ब्रेकच्या केबलबद्दल असं मोघम वाक्य लिहिणं मला फार बेजबाबदार वाटतं. दोन्ही मापं न देता ती विकूच नये.

टोकांचाही विचार करावा लागतो. आमच्या केबलला दोन्हीकडे इंग्रजी झेडसारखं वाकवलेलं टोक होतं. काहींना खालच्या बाजूला गोल निपल असतो, काहींना कडी. शिवाय टोपीचा आकार: गोल भोकाची, चौकोनी भोकाची, काट्यांनी अडकणारी. टोपी बसत नाही म्हणून ब्रॅकेटचं भोक कानशीने मोठं करणारे लोक आहेत. भोक वाढलं की टोपी हलते आणि हललेली टोपी म्हणजे पुन्हा ढिलाई.

हार्डवेअरच्या दुकानात एक सर्वांना चालणारी केबल मिळते: एका बाजूला तयार टोक, दुसऱ्या बाजूला वायर हवी तिथे कापून स्क्रूने आवळायची. थ्रॉटलला, म्हणजे इंजिनाचा वेग कमी-जास्त करणाऱ्या लिव्हरला, ती लावावी, तिथे माझा आक्षेप नाही. थ्रॉटलची वायर बऱ्याचदा एकसंध पोलादी तारेची असते, कारण तिला ओढायचं तसं ढकलायचंही असतं. ब्रेकची वायर अनेक बारीक तारांची पिळलेली, फक्त ओढणारी. तिथे स्क्रूवाली केबल लावायची म्हणजे सुरक्षिततेचं माप आपल्या डोळ्यांच्या अंदाजावर सोडायचं. मी ती हातातून परत ठेवली.

शेवटी लहान इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका स्थानिक दुकानात गेले. काउंटरवरच्या बाईंनी पहिला प्रश्न मॉडेल नंबरचा विचारला, दुसरा सिरियल नंबरचा. तेव्हाच मला हायसं वाटलं. त्यांनी आतून मूळ कंपनीची केबल आणली. मी टेप काढून काउंटरवर मोजायची परवानगी मागितली. त्यांनी काउंटरवरचं सामान बाजूला सारलं आणि केबलचं दुसरं टोक स्वतः धरलं. आउटर १३७८, इनर १५११. वजाबाकी १३३. ढिलाई ३ मिमी. थोडी ढिलाई असावीच लागते. अगदी शून्य असेल तर उन्हात हँडल जरा वाकलं किंवा केबलने नवी जागा घेतली तरी ब्रेकवर ओढ येते.

मूळ कंपनीचीच घ्यावी, असा माझा हट्ट नाही. नकलेने आउटर, इनर आणि टोकांचे आकार स्पष्ट दिले असतील आणि वजाबाकी जुळत असेल, तर घ्यावी. मला मिळालेल्या स्वस्त पर्यायांमध्ये तशी एकही नव्हती.

बसवायचं काम बाबांनी मला करू दिलं. स्वतः प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बघत होते. जुनी केबल कुठून कशी जाते याचे फोटो मी काढण्यापूर्वीच घेतले होते आणि त्यांचा फार उपयोग झाला. केबल सायलेन्सरपासून लांब गेली पाहिजे. आउटरचं प्लास्टिक तापून वितळलं की आतली वायर चिकटते. हँडल जिथे दुमडतं तिथे मोठं, सैल वळण ठेवायचं. हँडलला बांधायच्या पट्ट्या करकचून ओढायच्या नाहीत, त्यातून आउटर चेपतो. खालचं टोक आधी अडकवायचं, मग वरचं. झेड टोक भोकात घालताना केबल थोडी फिरवावी लागते, पक्कडीने वाकवून सरळ करायचं नाही. नव्या केबलमध्ये मी तेल घातलं नाही. आतून प्लास्टिकचं अस्तर असलेल्या केबलला ते लागत नाही, आणि तेलावर सुक्या गवताची भुकटी बसून लगदा होतो. मशीन आडवं करायची वेळ आली तर एअर फिल्टरची बाजू वर ठेवायची, म्हणजे इंजिनातलं ऑइल एअर फिल्टरमध्ये आणि कार्बुरेटरमध्ये उतरत नाही.

प्लगची वायर लावायच्या आधी तपासण्या केल्या. कांब सोडून दोरी हलकेच ओढली: अडली पाहिजे, आणि अडली. कांब धरून ओढली: मोकळी. हँडल घडी घालून उघडलं आणि पुन्हा तेच. हँडलची उंची बदलायच्या तिन्ही खाचांमध्ये लावून बघितलं, कारण एका खाचेत ठीक असलेली केबल दुसऱ्या खाचेत ताणली जाऊ शकते.

मग प्लगची वायर जोडली, मशीन मोकळ्या जागेत नेलं आणि सुरू केलं. बाबा फोनवरचं स्टॉपवॉच हातात घेऊन लांब उभे. मी "सोडली" म्हणून ओरडायचे आणि ते आवाज थांबला की बटण दाबायचे. दर वेळी दोन सेकंदांच्या आत. इंजिन गार असताना, मग बराच वेळ कापल्यावर गरम असताना, दोन्ही वेळा. त्यांनी तो आकडा मला दाखवला आणि म्हणाले, "आता काप."

दोरी हँडलच्या इतक्या जवळ का टांगलेली असते, तेही मला याच निमित्ताने कळलं. १९८१ मध्ये कायद्यात बदल करून इंजिनच बंद पाडणाऱ्या, म्हणजे दर वेळी दोरी ओढावी लागणाऱ्या मशीनना परवानगी दिली गेली, पण दोरीची मूठ हँडलच्या वरच्या टोकापासून २४ इंचांच्या आत असावी, नाहीतर पात्याभोवती चहूबाजूंनी पाय वाचवणारं कडं असावं, या अटीवर. दोरी हाताशी असली की माणूस कांब निःशंक सोडतो, पुन्हा सुरू करण्याच्या कंटाळ्याने ती बांधून ठेवत नाही. मी हे शेजारच्या सद्गृहस्थांना सांगितलं. त्यांनी त्यांच्या मशीनवरची मॉडेल नंबरची पट्टी पुसून नंबर मला पाठवला. त्यांच्या केबलचा आउटर बराच आखडला होता आणि त्यांनाही मशीनवरचं माप घेऊनच नवी मागवावी लागली.

ड्राइव्हची केबल मात्र मी बदललेली नाही. तिच्यावर फिरवायचा ॲडजस्टर आहे, ब्रेकच्या केबलवर नाही, आणि हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. चढावर चाकं ओढ घेईनाशी झाली की आधी पट्टा बघायचा, मग ॲडजस्टर थोडा फिरवायचा, मग लिव्हर सोडून मशीन मागे ओढून चाकं मोकळी फिरतात का ते बघायचं. ती मोकळी फिरत नसतील तर केबल जास्त ताणली गेली. तिचीही मापं मी घेऊन ठेवली आहेत: आउटर ११९४, इनर १३४६, मशीनवरचं अंतर १४८. ब्रेकच्या केबलचे आकडे आणि दोन्हींचे पार्ट नंबर त्याच कागदावर आहेत, आणि तो कागद गॅरेजात पान्यांच्या फळीवर चिकटवलेला आहे.